जुन्या गाडीला दुसरे इंजिन बसवताना

आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी पुष्कळांच्या दारात एक जुनी गाडी उभी असते. कोणाकडे मारुतीची ओम्नी, कोणाकडे टाटा एस, कोणाकडे महिंद्राची पिकअप. हप्ते केव्हाच फिटलेले असतात, रंग उडालेला असतो, दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. पण सकाळी माल भरून निघते आणि संध्याकाळी पैसे घेऊन परत येते. अशी गाडी म्हणजे घरातला एक कमावता माणूसच. मग एके दिवशी मिस्त्री हात पुसत सांगतो, "शेठ, इंजिनचे काम निघाले." त्या क्षणापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणतो बोअर करून घ्या, दुसरा म्हणतो कंपनीचे हाफ इंजिन आणा, तिसरा म्हणतो मुंबईच्या बाजारातून चालू इंजिन उचला, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. चौथा तर म्हणतो, आणतच आहात तर मोठे इंजिन आणा.

अमेरिकेत या कामाचा एक सरळ रस्ता आहे. तेथे मोटार कंपन्या तयार नवे इंजिन लाकडी खोक्यात भरून विकतात. त्याला क्रेट इंजिन म्हणतात. शेव्हरोलेचे ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन असे खोक्यातून फार खपले. जुने काढा, नवे बसवा. आमच्याकडे असे खोके दुकानात मिळत नाही. येथे प्रत्येकाला आपले इंजिन स्वतःच शोधावे लागते, पारखावे लागते आणि त्याचे कागदही स्वतःच सांभाळावे लागतात. या शेवटच्या गोष्टीकडे आमचे लोक सर्वांत कमी पाहतात. आम्हीही पाहिले नव्हते. त्याची किंमत आम्ही मोजली आहे, म्हणून हा लेख.

उदाहरण आम्ही ओम्नीचे घेतो. एक तर आमच्या पेढीवर मालेगावात २००८ सालची ओम्नी कार्गो आहे, दुसरे म्हणजे ही गाडी गावोगाव आहे. मारुती व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. पस्तीस वर्षे जी गाडी बनली तिचे सुटे भाग आणि तिचे जाणकार मिस्त्री एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. तिचे इंजिन तीन सिलेंडरचे, ७९६ सी.सी.चे, पुढच्या सीटखाली बसवलेले. सिलेंडरचा व्यास साडेअडुसष्ट मिलिमीटर, पिस्टनची चाल बहात्तर मिलिमीटर. हे दोन आकडे पुढे उपयोगी पडतील.

आधी खात्री करा की इंजिन खरोखरच गेले आहे. धूर दिसला की इंजिन उतरवा, असे म्हणणारे मिस्त्री कमी नाहीत. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. त्याला कार्बोरेटर, इंजेक्टर किंवा साधा एअर फिल्टरही कारण असू शकतो. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पण निळ्यातही फरक आहे. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना भपकन निळा धूर येऊन थांबत असेल, तर पुष्कळदा दोष व्हॉल्व्हच्या रबरी सीलचा असतो. ते काम हेडपुरते आहे. चढावर, ओझ्याखाली, सतत निळा धूर येत असेल आणि तेल भरण्याचे झाकण उघडताच आतून वाफेसारखे फुसकारे बाहेर येत असतील, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा आणि बोअर झिजले असे समजावे. पांढरा धूर थांबत नसेल, पाणी कमी होत असेल आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसत असेल, तर पाणी तेलात शिरले आहे. म्हणजे हेड गॅस्केट गेले, किंवा हेडला तडा गेला.

यापुढची पायरी कॉम्प्रेशन गेजची. हे साधे मीटर चांगल्या गॅरेजमध्ये असतेच. इंजिन गरम करावे, सगळे प्लग काढावेत, एका माणसाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि प्रत्येक सिलेंडरचा आकडा लिहून घ्यावा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक दिसला की ज्या सिलेंडरचा आकडा कमी, तेथे दोष. मग त्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगांचा दोष, कारण तेलाने फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दहा मिनिटांचे काम आहे, पण त्यावरून दोन हजारांचा खर्च की पंचवीस हजारांचा, हे ठरते. कापड घेताना आम्ही थान उलगडून उजेडासमोर धरतो. इंजिनच्या बाबतीत मात्र मिस्त्रीच्या शब्दावर सौदा करतो.

आता आमची हकीकत. २०१७ च्या मे महिन्यात आमची ओम्नी नाशिकहून परत येत असता चांदवडच्या पुढे राहुड घाटात तापली. ड्रायव्हर नवा होता. काटा वर गेला तरी तो गाडी ओढत राहिला, कारण मागे माल होता आणि पुढे गिऱ्हाईक वाट पाहत होते. मालेगावात आली ती दोरीने ओढत. उस्तादांनी, म्हणजे आमच्या वीस वर्षांच्या जुन्या मिस्त्रींनी, हेड उतरवून पाहिले. हेड ॲल्युमिनियमचे, तापून वाकलेले. मधल्या सिलेंडरला पिस्टनच्या घासल्याच्या उभ्या रेघा. ते म्हणाले, "ब्लॉक चांगला आहे, शेठ. बोअर करू, एक साइज वाढवू, क्रँक तपासू. आठ-दहा दिवस लागतील."

आठ-दहा दिवस! रमजान पंधरा दिवसांवर आला होता. कापडाच्या धंद्यात वर्षाची अर्धी कमाई ईदच्या आधी होते हे वाचकांना सांगायला नको. त्यात गाडीचे पासिंगही त्याच महिन्यात होते. आम्ही उतावीळ झालो. एका ओळखीच्या माणसाने मोठ्या शहरातल्या जुन्या मालाच्या बाजाराचा पत्ता दिला. तेथे एका दुकानदाराने ओम्नीचे इंजिन दाखवले, पुसून काळे चकचकीत केलेले. अठरा हजार सांगितले, अठरा हजारच घेतले. बिल मागितले तर एका साध्या चिठ्ठीवर "इंजिन १ नग" असे लिहून दिले. आम्ही इतकी वर्षे व्यापार केला, पण त्या दिवशी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

इंजिन बसले, गाडी चालूही झाली. उस्ताद काही बोलले नाहीत. मजुरी चार हजार घेतली. जुना ब्लॉक मात्र आमच्या भंगारवाल्याच्या हातगाडीवरून त्यांनी परत उतरवला आणि म्हणाले, "गाडीचा नंबर या लोखंडावर आहे, शेठ. हे देऊ नका." आम्हाला वाटले, म्हातारा माणूस, जुन्या वस्तूंचा लोभ.

पासिंगला गाडी नेली तेव्हा अधिकाऱ्याने सीट उचलून टॉर्च मारला आणि ब्लॉकवरचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहिला. नंबर वेगळा. इंजिन कोठून आणले, कोणत्या गाडीचे होते, बिल कोठे, हे त्याने विचारले. आम्ही चिठ्ठी दाखवली. तो हसला नाही हे त्याचे सौजन्य. म्हणाला, "ही गाडी चोरीच्या इंजिनवर चालत नाही याचा पुरावा तुम्हीच द्यायचा आहे." दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "आमच्याकडे रोज पन्नास इंजिने येतात, कोणाकोणाचा हिशेब ठेवू?" वर सल्लाही दिला की जुना नंबर घासून नवा ठोकून देणारा माणूस आहे, पाचशे रुपये घेतो.

हा सल्ला पुष्कळांना मिळतो, म्हणून स्पष्ट सांगतो. नंबर घासणे आणि नवा ठोकणे हा गुन्हा आहे, आणि तो पकडला जातो. ठोकलेली अक्षरे कारखान्याच्या अक्षरांसारखी सरळ ओळीत बसत नाहीत. घासलेल्या लोखंडावर रसायन लावले की खालचा मूळ नंबर पुष्कळदा वर येतो, हे पोलिसांच्या प्रयोगशाळेचे रोजचे काम आहे. गाडी जप्त होते आणि मालक आरोपी होतो. इंजिन खरोखर चोरीचे नसले तरी त्या दिवसापासून तो ते सिद्ध करत फिरतो. मेरठच्या सोतीगंजचा प्रचंड बाजार, जेथे देशभरच्या गाड्या सुट्या होऊन विकल्या जात, तो डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केला. तेथून ज्यांनी विश्वासाने माल नेला त्यांच्या गाड्या आजही कोठे ना कोठे चालत असतील. चिठ्ठीवरचे इंजिन कोठून आले हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आर.सी. बुकात जशी नोंदली, त्याहून तिचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितले. पण याचा अर्थ इंजिन बदलताच येत नाही असा नाही. त्याच जातीचे इंजिन बसवता येते, त्याची नोंद मात्र व्हावी लागते. परवानगी आधी घेतली तर उत्तम. परवानगीविना इंजिन बदलले गेले असेल तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आर.सी. बुक फीसह त्याच्याकडे द्यायचे, असे कलमात इंजिनचा उल्लेख करूनच लिहिले आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी घ्यावी. आणि विमा पॉलिसीवरही इंजिन नंबर असतो, तो बदलून घ्यावा. अपघात झाल्यावर सर्व्हेअर पहिल्यांदा नंबरच पाहतो. नंबर जुळला नाही की दावा अडतो, मग समोरच्या जखमी माणसाची भरपाई कोणाच्या खिशातून जाईल याचा विचार करावा.

आमच्या गाडीचे शेवटी काय झाले? उस्तादांनी जपून ठेवलेला तो जुना ब्लॉक धुऊन काढला. बोअर केला, नवे पिस्टन घातले, वाकलेले हेड जाऊन दुसरे आले. खर्च तेवीस हजार पाचशे. नंबर मूळचाच, आर.सी. बुकात एक अक्षर बदलावे लागले नाही आणि पासिंग झाले. पण तोवर गाडी एकूण एकवीस दिवस बंद राहिली. त्या काळात माल भाड्याच्या टेम्पोने गेला, रोजचे बाराशे रुपये. हिशेब मांडला तेव्हा बाजारातल्या इंजिनचे अठरा हजार, ते बसवण्याचे चार हजार, जुन्या इंजिनचे तेवीस हजार पाचशे आणि टेम्पोचे पंचवीस हजार दोनशे, असे सत्तर हजार सातशे झाले. जवळपास तेवढ्यात त्याच सालची दुसरी चालू ओम्नी मिळाली असती. रमजान तोवर सुरू झाला होता आणि ज्या गिऱ्हाइकांना माल वेळेवर पोचला नाही त्यांतली दोन दुकाने आमच्याकडे परत आली नाहीत. ती रक्कम या हिशेबात नाही.

ते बाजारातले इंजिन दुकानदार भंगाराच्या वजनाने परत घ्यायला तयार होता. आम्ही दिले नाही. कोणाला विकलेही नाही. सेकंड माल सेकंड म्हणून विकायचा, थानात डाग असेल तर तो गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायचा, हे आम्ही वडिलांच्या गादीवर शिकलो. ज्या मालाचा ऐब आम्हाला माहीत आहे तो दुसऱ्याच्या गळ्यात कसा बांधावा? इंजिनचा नंबर अर्जासह पोलीस ठाण्यात लिहून दिला. इंजिन आजही गोडाऊनच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. येणारे-जाणारे विचारतात.

आता निवडीकडे येऊ. आमच्या मते पहिला मान आपल्याच ब्लॉकचा. ब्लॉकला तडा नसेल आणि पूर्वी शेवटच्या साइजपर्यंत बोअर झालेला नसेल, तर तेच लोखंड पुन्हा उभे करावे. ओम्नीला पिस्टन पाव मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर अशा दोन वाढीव साइजमध्ये येतात. म्हणजे साडेअडुसष्टचा बोअर आधी पावणेएकोणसत्तर आणि मग एकोणसत्तर मिलिमीटर होतो. त्यापुढे ब्लॉक संपला. म्हणून जुनी गाडी विकत घेतानाच विचारावे की इंजिन किती साइजला आहे.

बोअरच्या कामात दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि पिस्टन हातात घेऊन बोअर करणाऱ्याकडे जावे. तो प्रत्येक पिस्टन मोजून त्या मापाने सिलेंडर कापतो. आधी बोअर आणि मग पिस्टन, असे झाले की एक तर सैल बसते नाहीतर गच्च. दुसरी गोष्ट क्रँकची. नुसते बोअर आणि रिंगा करून क्रँक तशीच ठेवणारे पुष्कळ. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून घ्यावेत. लंबगोल झाले असतील तर घासून त्या मापाचे बेअरिंग घालावे. वर नव्या पिस्टनचा जोर आणि खाली झिजलेली क्रँक, असे इंजिन सहा महिन्यांत ठोकायला लागते. हेडचा तळ सरळपट्टी आणि फीलर गेज लावून तपासावा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल पंप याच वेळी बदलावेत. इंजिन पुन्हा उतरवण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जास्त असते.

आपला ब्लॉकच निकामी असेल तर कंपनीच्या हाफ इंजिनची चौकशी करावी. त्याला शॉर्ट इंजिनही म्हणतात. ब्लॉक, पिस्टन आणि क्रँक कारखान्यात जुळवून आलेले असतात, हेड आणि बाहेरचे सामान आपल्या गाडीचे चढवायचे. अमेरिकेच्या खोक्यातल्या इंजिनचा हा आमच्याकडचा जवळचा नातेवाईक. गाडी बंद झाल्यावर असा माल हळूहळू मिळेनासा होतो, म्हणून आगाऊ पैसे देण्यापूर्वी अधिकृत विक्रेत्याकडून तो नेमक्या आपल्या मॉडेलसाठी मिळतो का याची खातरजमा करावी. याला पक्के बिल असते. ते बिल हीच नंबरच्या नोंदीची किल्ली. लॅमिनेशन करून ठेवले तरी हरकत नाही.

तिसरा मार्ग जुन्या चालू इंजिनचा. तो वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत कुर्ल्याला आणि इतर शहरांतही या धंद्यात पिढ्यान्पिढ्या प्रामाणिकपणे बसलेली माणसे आहेत आणि त्यांच्यात आमचेच भाऊबंद पुष्कळ. त्यांच्याकडून घ्यावे, पण व्यापाऱ्यासारखे घ्यावे. इंजिन जमिनीवर पडलेले न पाहता शक्यतो गाडीत चालू असताना ऐकावे. निदान कॉम्प्रेशन मोजू द्यावे अशी अट घालावी. जो मोजू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. बिलावर चार गोष्टी हव्यात. इंजिन नंबर, ते ज्या गाडीतून काढले तिचा नोंदणी क्रमांक, तिचा चेसिस नंबर आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता व जी.एस.टी. क्रमांक. ती गाडी कायदेशीर मोडीत निघाल्याचा कागद असेल तर त्याची प्रत मागावी. २०२१ पासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम झाले आहेत आणि अशी केंद्रे गाडी मोडल्याचे प्रमाणपत्र देतात. नोंदणी क्रमांक हातात आला की परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर ती गाडी कोणत्या स्थितीत दाखवतात तेही पाहता येते. हे सगळे पाच मिनिटांत होते. आणि हे सगळे होऊनसुद्धा पैसे देण्यापूर्वी आपल्या आर.टी.ओ.त विचारून यावे.

येथे दोन फसव्या जागा आहेत. पहिली ७९६ या आकड्याची. मारुती ८०० चे इंजिन ७९६, ओम्नीचे ७९६ आणि पहिल्या अल्टोचेही ७९६. बाजारात सांगतात, "सगळे एकच आहे हो." एक नाही. जुन्या ८०० चे आणि ओम्नीचे इंजिन एका घराण्याचे खरे, पण ८०० मध्ये ते आडवे बसते आणि पुढची चाके ओढते, ओम्नीत उभे बसते आणि मागची चाके ढकलते. त्यामुळे माउंटिंग, सम्प, मॅनिफोल्ड अशा बाहेरच्या गोष्टी अदलाबदल कराव्या लागतात. अल्टोच्या इंजिनला तर सिलेंडरला चार-चार व्हॉल्व्ह, एकूण बारा. ओम्नीला सहा. हेड वेगळे, वायरिंग वेगळी. शिवाय ओम्नीतही जुनी कार्बोरेटरची आणि नंतरची इंजेक्शनची असे दोन प्रकार आहेत. इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटरचे इंजिन घालणे म्हणजे धुराच्या नियमातही मागे जाणे. कॅलिफोर्नियात तर नियमच आहे की बसवायचे इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्याहून नव्या सालाचे हवे आणि धूर कमी करण्याची सारी उपकरणे त्यासोबत हवीत.

दुसरी जागा ताकदीच्या मोहाची. २०१० साली मारुतीची ईको आली, ११९६ सी.सी.ची, ताकद ओम्नीच्या जवळपास दुप्पट. ते इंजिन ओम्नीत बसवून देतो म्हणणारे कारागीर आहेत आणि ते बसवूनही देतात. पण ओम्नीचा गिअर बॉक्स, क्लच, ब्रेक आणि मागचा एक्सल त्या ताकदीसाठी बनलेले नाहीत. पॉवरलूम चालवणाऱ्या बंधूंना हे चटकन कळेल. एक हॉर्सपॉवरच्या मागाला तीनची मोटार जोडली म्हणून कापड तिप्पट विणले जात नाही. पिकर फुटतात, सूत तुटते आणि मागावरचा माणूस दिवसभर गाठी मारत बसतो. वर कायद्याने हा बदल कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध, त्यामुळे नोंद होण्याचा प्रश्नच नाही. माल जास्त न्यायचा असेल तर मोठी गाडी घ्यावी.

डिझेलच्या पिकअपवाल्यांसाठी थोडक्यात. ज्या इंजिनात लाइनर काढून नवे घालता येतात तेथे ब्लॉक वाचवणे आणखी सोपे, बोअर करण्याचीही गरज नाही. मात्र इंजेक्टर आणि पंपाची तपासणी त्याच वेळी करावी. खराब इंजेक्टरने डिझेलची धार सोडली तर नवा पिस्टन जळतो आणि दोष बिचाऱ्या लाइनरवर येतो.

आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा होता, तो आता विचारतो. गाडी इंजिन घालण्याच्या लायकीची आहे का? खाली वाकून फ्लोअर आणि चेसिसची पट्टी पाहावी. स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जात असेल तर नवे इंजिन कुजलेल्या भिंतीला नवा दरवाजा लावण्यासारखे. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. खाजगी नोंदणीच्या मोटारीला पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. तिची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली. हे सगळे एका कागदावर मांडून, पुढे निदान तीन वर्षे गाडी काढायची असेल तरच इंजिनला हात घालावा.

आणि ज्या कारणाने पहिले इंजिन गेले ते कारण तसेच ठेवून दुसरे बसवू नये. आमच्या गाडीचा रेडिएटर उघडला तेव्हा अर्ध्या नळ्या क्षाराने बंद. आम्ही वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतत होतो. रेडिएटर नवा घातला, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच बदलला, कूलंट भरले. ओम्नीचा रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे सीटखाली, मधे लांब पाइप. भरताना हवा अडकते. ती नीट बाहेर काढली नाही तर भरलेली गाडीसुद्धा तापते.

नव्या इंजिनला पहिले हजार किलोमीटर सांभाळावे. एकाच वेगाने लांब पळवू नये, पूर्ण माल भरू नये, उभ्या गाडीत रेस करू नये. पहिले तेल आणि फिल्टर आम्ही पाचशे किलोमीटरवरच बदलले. त्या तेलात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता, तो रिंगा बसत असल्याचा होता. पुढच्या तेलात दिसला नाही. त्या नव्या ड्रायव्हरला उस्तादांनी अर्धा दिवस शेजारी बसवून तापमानाचा काटा दाखवला. आता तो राहुड घाटात काटा अर्ध्याच्या वर गेला की गाडी बाजूला घेतो आणि आम्हाला फोन करतो, "चाचा, दहा मिनिटे उशीर होईल."